कल्हई, दंड आणि घरचा हिशेब

काटकसर हा शब्द निघाला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक आंबट चेहऱ्याचा गृहस्थ उभा राहतो. चहात साखर कमी, दिवा वेळेआधी मालवलेला, आणि पाहुणा आला की दार अर्धेच उघडलेले! पण पोरांच्या दुधात पाणी घालून चार पैसे वाचवणे याला आपल्याकडे कोणी शहाणपण म्हणत नाही. आज मला बोलायचे आहे ते निराळ्याच काटकसरीविषयी. घरातली वस्तू ज्या दिवशी दुरुस्ती मागते, त्या दिवशी ती दुरुस्ती करायची, पुढच्या महिन्यावर ढकलायची नाही, एवढीच ती काटकसर.

नाशिककरांना याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. गोदाकाठचा भांडी बाजार आणि तांबट लेन ही नावेच साक्ष देतात. 1883 साली मुंबई सरकारने नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर छापले, त्यातही येथल्या तांब्या-पितळेच्या कामाची नोंद आहे. हंडे, घागरी, बंब, पातेली, तपेली. मुलीच्या लग्नात भांडे द्यायचे ते नाशिकचे, अशी आसपासच्या तालुक्यांत रीत होती. त्या भांड्यावरचे ठोके पाहिलेत ना? ते नुसते शोभेचे नव्हेत. हातोडीने ठोकल्यावर तांब्याचा पत्रा कठीण होतो, मग भांडे सहजासहजी चेपत नाही. आजीचा हंडा नातसुनेच्या हाती येतो त्यामागे हे ठोके आहेत.

पण तांबे आणि पितळ यांची एक खोड आहे. आंबट पदार्थाशी त्यांचे जमत नाही. पितळेच्या भांड्यात ताक राहिले की ते कळकते, हे आपल्या आयाबायांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. चिंच, आमसूल, लिंबू यांचेही तसेच. तांबे पदार्थात उतरते, तोंड कसेसेच होते, मळमळते, उलट्या होतात. म्हणून आतून कल्हई.

शिक्षकबंधूंनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा, कारण कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी अर्धे रसायनशास्त्र शिकून होते. आधी भांडे आतून घासून लख्ख करायचे. मग कोळशाच्या आचेवर, भात्याने वारा घालत, ते चांगले तापवायचे. त्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा मळकट थर निघून जातो. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंशांवर वितळते, तांब्याला त्यासाठी हजाराच्या वर अंश लागतात; म्हणून कथील पाण्यासारखे पसरते आणि भांडे आपल्या जागी शाबूत राहते. कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे सारखे फिरवले आणि भांडे पाण्यात बुडवले की झाले. चर्र आवाज होतो आणि आत चांदीसारखे चकाकते. पोरे तासन् तास बघत उभी राहायची ती त्या चर्र आवाजासाठीच.

आता जरा गंभीर गोष्ट सांगतो, कारण कल्हई लांबणीवर टाकल्याची किंमत कधी कधी फार मोठी मोजावी लागली आहे. लहान मुलांचे यकृत निकामी करणारा एक आजार पूर्वी आपल्या देशात पुष्कळ घरांत दिसे. एका भावंडापाठोपाठ दुसरे जाई आणि घरचे लोक नशिबाला बोल लावत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्याबरोबर काम करणारे इंग्लंडमधले डॉ. टॅनर यांनी या मुलांना लहानपणी दूध कसे पाजले जात होते याची चौकशी केली. 1983 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले, की आतून कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले गाई-म्हशीचे दूध अगदी कोवळ्या वयात पाजणे हे त्या आजाराचे कारण असू शकते. दूध आंबट नसतानाही तांबे धरून ठेवते, ही त्यातली मेख. पुढे घरोघर दुधाचे भांडे बदलले आणि हा आजार क्वचितच दिसू लागला. तेव्हा बायांनो, तान्ह्या बाळाचे दूध स्टीलच्या भांड्यातच तापवा. पितळेचे पातेले कितीही पिढीजात असो, या एका बाबतीत त्याचा मान राखू नका.

बाकीच्या वापराला कल्हईचे भांडे उत्तम. मात्र ते कसे वापरायचे हेही शिकावे लागते. बाहेरून चिंच आणि राख लावून हवे तेवढे चकचकीत करा, पण आतून राख नको, वाळू नको, तारेची घासणी तर नकोच. नारळाची मऊ शेंडी आणि रिठ्याचे पाणी पुरे. रिकामे भांडे चुलीवर तापत ठेवायचे नाही आणि त्यात कोरडे भाजायचे नाही, कारण 232 अंशांची मर्यादा तिथे केव्हा ओलांडली जाईल ते कळायचे नाही. आत कुठे लालसर किंवा पिवळा डाग दिसू लागला की समजावे, वेळ झाली. सहा महिन्यांनी दिसो की वर्षाने; महिना मोजू नका, डाग पाहा.

आणखी एक. कथलात स्वस्ताईसाठी शिसे मिसळले जाण्याची भीती असते, आणि शिसे हे विषच. शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाशी धरून वाकवली तर करकर असा बारीक आवाज येतो. शिसे मुकाट्याने वाकते, आणि कागदावर ओढले तर पेन्सिलीसारखी काळपट रेघ उमटते. कल्हईवाल्यासमोर ही परीक्षा करायला संकोच वाटू देऊ नका. खऱ्या कारागिराला तिचा राग येत नाही.

भांड्यांचे इतके सांगितले, कपड्याचे थोडक्यात सांगतो. पूर्वीच्या लुगड्याचा जन्म केवढा मोठा! मध्यभागी विरले की ते तिथून फाडायचे, चांगल्या बाजू आत घेऊन दंड घालायचा आणि आणखी एक-दोन वर्षे नेसायचे. मग त्याचे जुनेर व्हायचे, जुनेराची बाळुती आणि गोधडीचे पदर, आणि अगदी शेवटी चुलीपुढचे पोतेरे. आज कोणी दंडाची साडी नेसावी असे मी म्हणणार नाही. पण मुलाच्या शर्टाची शिवण एक बोटभर उसवलेली असताना सुईदोरा घ्यावा, हातभर उसवल्यावर नव्हे. फाटल्या आभाळाला ठिगळ लावायची पाळी त्या एका बोटापासूनच सुरू होते. येवल्याची पैठणी घरात असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला. एकाच घडीवर रेशीम तुटते.

कुकरचेही तेच. शिटी होत नाही म्हणून कुकर मोडीत काढणारे आहेत, आणि बिघाड असतो तो बहुधा तोंडावरच्या रबराच्या कड्यात. ते कडे बदलावे. मात्र सुरक्षेच्या झडपेच्या जागी खिळा किंवा दुसरे काही ठोकून काम भागवू नये. ती काटकसर जिवावर बेतते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, पातळ पत्र्याचे एक पातेले 300 रुपयांना मिळाले आणि तीन वर्षांत त्याचा तळ गेला. वर्षाला 100 रुपये पडले. जाड बुडाचे पातेले 1000 रुपयांचे, ते वीस वर्षे चालले, तर वर्षाला 50 च. म्हणजे स्वस्त पातेले दुप्पट महाग! हे गणित चौथीतले पोरही करील. अडचण गणिताची नाही. ज्याच्या हाती बाजाराच्या दिवशी 300 च रुपये आहेत, त्याने 1000 चे पातेले आणायचे कोठून? गरिबाला गरिबी महाग पडते ती अशी. त्याला उधळ्या म्हणून उपदेश करणे सोपे आहे. पण त्याला उपयोगी पडेल ती भिशी किंवा बचत गट. दहा बायांनी दरमहा शंभर-शंभर रुपये काढले तर दर महिन्याला एका घरात चांगले, टिकाऊ भांडे येते.

आणि हो, घरातल्या पुरुषांसाठी दोन शब्द. काटकसर म्हटली की ती बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुरू होते आणि तिथेच संपते. ठिगळ बाईने लावायचे, राखरांगोळी बाईने करायची, आणि तंबाखूचा, पानाचा, लग्नातल्या वाजंत्रीचा खर्च मात्र कोणत्याच वहीत नाही. वही एकच असावी आणि तिच्यात दोघांचे खर्च असावेत. पेरणी आटोपल्यावर कुळवाची पास, विळा, खुरपे पुसून, जळके तेल लावून ठेवणे हेही घरकामच आहे, आणि ते पुरुषांचे आहे.

शिक्षकांना एक सुचवतो. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल होती. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले देणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी साल. मुलांना सांगा, घरातली जुनी भांडी पालथी करा, काठाखाली पाहा आणि जे वाचता येईल ते वहीत उतरवून आणा. कोणत्या सालचे, कोणी दिले, अजून वापरात आहे की माळ्यावर पडले आहे. त्याच वहीत आतल्या कल्हईची स्थितीही लिहू द्या. मग ज्या भांड्यांना कल्हई हवी ती एका दिवशी शाळेच्या आवारात गोळा करावीत आणि कल्हईवाल्याला आगाऊ निरोप धाडावा. दोन-चार भांड्यांसाठी तो कोसभर यायचा नाही, तीस-चाळीस असली तर येईल, आणि दरही आधीच ठरवून घेता येईल. भट्टीला वाऱ्यापासून आडोसा करा, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा, आणि पोरांना धुराच्या उलट बाजूला बसवा, कारण नवसागराचा धूर डोळ्यांना आणि घशाला फार झोंबतो.