पडद्यावरचा विस्तव

विस्तव म्हटला कीं आमच्या वाशीकडील माणसास पौषांतील हुरड्याची आगटी आठवते. हल्लीं मात्र मुलें मजकडे येऊन विचारतात, "गुरुजी, संगणकावर काढलेला जाळ पेटल्यासारखा कां दिसत नाहीं?"

याचें उत्तर मला एका जुन्या चित्रांत सांपडतें. सावंतवाडीस १८८२ सालीं जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें 'ग्लो ऑफ होप' हें जलरंगांतील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. एक स्त्री दिव्यास हाताचा आडोसा धरून उभी आहे. आपली दृष्टि खिळते ती ज्योतीवर नव्हे, तर उजळलेल्या मुखावर आणि लालसर झालेल्या बोटांवर. जलरंगांत कोऱ्या कागदाहून शुभ्र असें कांहीं आणतां येत नाहीं. म्हणून चित्रकार भोंवतालचा अंधार गडद करतो.

पडद्याचेंहि तसेंच आहे. नेहमींच्या चित्रांत तांबडा, हिरवा व निळा यांचें माप ० पासून २५५ पर्यंत असतें. तिन्ही २५५ झाले कीं शुभ्र. त्यापुढें वाट नाहीं. म्हणून प्रथम मूळ छायाचित्र काळोखें करावें. 'गिम्प' हें विनामूल्य साधन यास पुरेसें आहे. मग वेगळ्या थरावर, काळ्या भूमीवर जाळ काढावा: गाभा पिवळट शुभ्र, त्याबाहेर नारिंगी, टोकाशीं तांबडा. थराची जोडणी 'स्क्रीन' पद्धतीची ठेवावी. तींत काळें लोपतें व उजेड तेवढा खालच्या चित्रांत मिसळतो. त्याच थराची प्रत काढून 'गॉशियन ब्लर'नें पुसट केली कीं ज्योतीभोंवतीं प्रभा पसरते. शेवटीं जवळच्या वस्तूंच्या जाळाकडील कडा नारिंगी कराव्या. लहान ज्योतीपासूनचें अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाई उरतो, हें विसरूं नये. मुलें नेमकी हीच पायरी गाळतात.

एका मुलानें ती गाळली नाहीं. त्यानें शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीस चित्रांत आग लावली व तें चित्र मोबाइलवर धाडलें. ते गृहस्थ शिवारांतून अनवाणी धांवत आले. गंजी जशीच्या तशी उभी होती. परंतु त्यांचे हात कितीतरी वेळ कांपत होते. मुलगा हंसला नाहीं. मीहि हंसलों नाहीं. कडेचा उजेड मींच शिकविला होता.

त्या दिवसापासून मीं एक नियम केला आहे. कोपऱ्यांत 'रचलेलें चित्र' हे शब्द लिहिल्यावांचून असें चित्र घराबाहेर धाडावयाचें नाहीं. हळदणकरांचा दिवा पाहून कोणी पाण्याची घागर घेऊन धांवत नाहीं; कारण तो चित्र म्हणूनच आपल्यासमोर येतो. आपल्या घरीं मुलें ही कला शिकत असतील, तर त्यांस कृति अवश्य दाखवा. पण तिच्याबरोबर हा नियमहि शिकवा.