सूड नको, विस्मृतीही नको

(दारव्हा येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



जुलमी राजवट कोसळते तेव्हा सत्ताधीश जातो. त्याचा फौजदार आणि तहसीलदार मात्र जागेवरच असतो. काल ज्याने छळले, त्याच्याच कचेरीत आज दाद मागायची काय? आणि सर्वांनाच घरी बसवले, तर राज्यशकट कोणी हाकायचा? प्रत्येक नवजात लोकशाहीपुढे हा पेच उभा राहतो.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरील पैनगंगेच्या पैलतीरी 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि जनरल जयंतनाथ चौधुरी लष्करी प्रशासक झाले. मुलकी कारभार डी. एस. बखले यांच्याकडे आला. शेजारच्या प्रांतांतून अनुभवी अधिकारी आणले गेले. पण जुना नोकरवर्ग सरसकट काढला नाही. निजामाचे दिल्लीतील प्रतिनिधी झैन यार जंग यांना तर नव्या प्रशासनात स्थान मिळाले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याच्यावर मात्र रीतसर खटला चालून शिक्षा झाली.

यामागे सरदार पटेलांचा विवेक होता. ऑक्टोबर 1949 मध्ये संविधान सभेत त्यांनी इंग्रजांच्या काळातील सनदी अधिकाऱ्यांना दिलेल्या हमीचे ठामपणे समर्थन केले. माणसाने कोणाची चाकरी केली, यापेक्षा त्या चाकरीत काय केले, हे पाहावे, हा त्याचा मथितार्थ. विलीनीकरणाची बाजू घेणारे संपादक शोएब उल्लाखान यांची रझाकारांनी हत्या केली होती. हे स्मरले की अपराध कृत्याचा असतो, जातिधर्माचा नव्हे, हे उमगते. मुक्तीनंतर काही ठिकाणी निरपराध मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला, तो न्याय नव्हता.

उणिवाही होत्या. माजी पंतप्रधान लायक अली 1950 मध्ये नजरकैदेतून पाकिस्तानात निसटले. निजाम 1956 पर्यंत राजप्रमुखपदी राहिला. ज्यांनी त्याच्या तुरुंगात यातना सोसल्या, त्यांना हे कसे रुचावे? तरीही 1952 मध्ये तेथे निर्वाचित सरकार आले. याउलट 2003 मध्ये इराकमध्ये सैन्य बरखास्त झाले, बाथ पक्षाच्या अधिकाऱ्यांना काढून टाकले गेले. शस्त्रे हाती असलेले असंख्य लोक बेरोजगार झाले आणि देश रक्तपातात लोटला गेला.

दुसरे टोक आपण स्वतः अनुभवले. आणीबाणीत देशभर एक लाखाहून अधिक लोक स्थानबद्ध झाले. त्यांत संघाचे हजारो स्वयंसेवक होते. 1977 मध्ये नेमलेल्या शहा आयोगाने सत्तेच्या गैरवापराची नोंद केली. पण 1980 मध्ये सत्तापालट होताच खटले बारगळले. आयोगाने ज्यांना न्यायबुद्धीची अपेक्षा असलेल्या सार्वजनिक पदास अपात्र मानले, ते नवीन चावला 2009 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त झाले!

सूडाने राज्य मोडते, तर विस्मृतीने न्याय. खुर्चीवरचा अधिकारी स्वाक्षरी करताना विचार करतो, तो उद्या कोणीतरी जाब विचारील या जाणिवेने. ही जाणीव जागती ठेवणे केवळ न्यायालयाचे काम नाही. आपल्या गावातील ज्यांनी कारावास भोगला, त्यांच्या हकिकती नावनिशीवार लिहून ठेवा. समाजाची स्मृती शाबूत असेल, तरच कायद्याचा हात गुन्हेगारापर्यंत पोहोचतो.