आधी कान, मग जीभ



पनवेलच्या एका मराठी शाळेत मी अनेक वर्षे इंग्रजी शिकविले. एकदा तिसरीच्या वर्गात मी इंग्रजीतून सांगितले, “पुस्तक बाकाखाली ठेवा.” एका मुलाने ते बाकावर ठेवले. वर्ग हसला आणि मीही “लक्ष कोठे आहे?” म्हणून त्याला रागे भरलो. त्या दिवसापासून तो इंग्रजीच्या तासाला तोंड उघडीनासा झाला. वस्तुतः ‘ऑन’ आणि ‘अंडर’ हे दोन्ही शब्द त्याला बिनचूक लिहिता येत होते. त्याचे लक्ष होते. कान तयार नव्हता. तो तयार करणे हे माझेच काम होते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. तथापि पुष्कळ ठिकाणी भर असतो तो अक्षरे व स्पेलिंग यांवर. मातृभाषा मात्र मूल आधी महिनोन्‌महिने ऐकते, मग बोलते. लिहिणे फार पुढचे.

ऐकणे ही देखील कमावण्याचीच गोष्ट आहे. जेनेट वर्कर व रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली दाखविले की, इंग्रजी बोलणाऱ्या घरातील सहा-आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘त’ व ‘ट’ या वर्णांमधला भेद कळतो. वर्षाची होईतो तो बहुतेकांना कळेनासा होतो. आपल्या मुलांचेही तसेच. पश्चिमेला इंग्रजीत ‘वेस्ट’ म्हणतात, बंडीला ‘व्हेस्ट’. पहिल्या शब्दात ओठांचा चंबू होतो. दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात. मराठी कानाला दोन्ही एकच ‘व’ वाटतात. हा भेद पुन्हा शिकता येतो. परंतु त्यासाठी तो वारंवार कानांवर पडला पाहिजे.

मग करावे काय? हॅरल्ड पामर यांनी १९२५ साली जपानात प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कृतीतून इंग्रजी शिकविण्याचा मार्ग दाखविला: आज्ञा ऐकावी, तशी कृती करावी. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तयार केलेल्या ध्वनिपाठांतही मुलांनी ऐकावे आणि लगेच उत्तर द्यावे, अशी योजना आहे.

घरीही हे साधेल. “दार लाव”, “दोन चमचे आण” अशी लहान वाक्ये रोज इंग्रजीतून म्हणावी. प्रथम हाताने करून दाखवावी, भाषांतर सांगू नये. पनवेल स्थानकावर उभे असताना मराठी घोषणेवरून गाडी कोणती ते मुलास कळतेच. इंग्रजी घोषणेतून त्याने केवळ गावाचे नाव व फलाटाचा क्रमांक टिपावा. सर्व शब्द कळलेच पाहिजेत, असा आग्रह धरू नये.

आणि मूल चुकले तर हसू नये. तेच वाक्य पुन्हा, थोडे सावकाश म्हणावे. त्या मुलाच्या बाबतीत मला एवढेच करावयाचे होते, आणि तेच माझ्या हातून राहिले.