तोरणमाळची विश्रांती

सहलीहून परतलेला गृहस्थ सोमवारीं कचेरींत जांभया देतांना दिसला, कीं त्याची सहल बिघडली असें खुशाल समजावें. श्रोत्यांपैकीं पुष्कळांना हा अनुभव असेल. बिघाड बहुधा निघण्यापूर्वींच, टिपणाच्या कागदावर झालेला असतो. ३ दिवसांत ११ स्थळें मांडलीं, म्हणजे विश्रांतीला कागदावरसुद्धां जागा उरत नाहीं.

नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ अशा कागदाला आपणच आळा घालतें. सातपुड्याच्या माथ्यावरील हें पठार समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून अधिक उंच आहे. तेथें पाहावयाचें काय? यशवंत तलाव, कमळांचें तळें, गोरक्षनाथाचें मंदिर आणि सीताखाईची दरी. मोजणी चार बोटांवर संपते, आणि थकलेल्या कुटुंबाला हवें असतें तें नेमकें हेंच.

मुंबईकरानें सुरतमार्गें येणाऱ्या आगगाडीनें नंदुरबारास उतरावें. तेथून शहादा सुमारें ४० किलोमीटर, आणि पुढें म्हसावद, राणीपूर करीत तोरणमाळ सुमारें ५५. कागदावर हा हिशेब दोन तासांचा दिसतो. सात पायरीच्या घाटांतलीं वळणें मात्र त्याला भीक घालीत नाहींत. यास्तव अर्धा दिवस प्रवासास द्यावा आणि अंधार पडण्यापूर्वीं वर पोंचावें. वाटेंत प्रकाशा येथें तापीकांठीं केदारेश्वराच्या दर्शनास थांबावें. दक्षिण काशी म्हणून या गांवाचा खानदेशांत लौकिक आहे. हिवाळ्यांत नंदुरबारच्या आसपास वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल पथाऱ्या लागतात. त्या अवश्य पाहाव्या; वारा तोंडावर येत असेल तर लांबूनच.

पावसाळ्यांत सीताखाईचा धबधबा भरांत असतो, पण धुकें उतरलें कीं दिवसभर दरीच दिसत नाहीं. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. ती पाहण्याजोगी खरी, विसाव्याची मात्र नव्हे. कार्तिकापासून पौषापर्यंतचे दिवस उत्तम. रात्रीं थंडी बोंचते, म्हणून लोंकरी कपडे घ्यावे. नित्याचीं औषधेंही बरोबर असावीं. मोठी बाजारपेठ शहाद्याची, आणि ती घाटाखालीं आहे. मुक्कामाच्या खोल्या मोजक्याच, तेव्हां जागा आधींच ठरवावी.

सकाळीं तलावाकांठीं फिरावें, संध्याकाळीं सीताखाईच्या कडेला बसावें. दुपारीं काय करावें असा प्रश्न ज्यास पडेल, त्यानें निजावें.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. पाहुण्याचें विश्रांतिस्थान हें पावरा आणि भिल्ल लोकांचें राहतें घर आहे. उन्हाळ्यांत मोहाचीं फुलें वेंचणें, कैरीच्या फोडी सुकवून आमचूर करणें, अशीं त्यांचीं कष्टाचीं कामें चालूं असतात. पाड्यांत शिरून न विचारतां छायाचित्रें काढणें म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरांत डोकावणें होय. आमचूर विकत मिळाला, तर भावाची फार घासाघीस करूं नये.

परतीच्या दिवशीं तलावाची एक फेरी करून दुपारच्या जेवणापूर्वींच घाट उतरावयास लागावें, म्हणजे नंदुरबारला गाडीसाठीं धांवाधांव होत नाहीं.