दाभोशाचा कडा आणि घातांक

जव्हारनजीक दाभोसा येथें लेंडी नदी सुमारें ३०० फूट खालीं कोसळते. त्या कड्यावरून दगड सोडला, तर तो किती फूट पडला हें काढण्याची रीत, हवेचा अडथळा न धरतां, अशी: सेकंदांचा वर्ग करावा व त्यास १६ नें गुणावें. चार सेकंदांत दगड किती पडेल?

एक विद्यार्थी ४ वरील घातांक २ हा गुणक समजून ८ घेतो. उत्तर १२८ फूट. दुसरा १६ व ४ आधीं गुणून मग वर्ग करतो. उत्तर ४,०९६ फूट. पहिल्याचा दगड अर्धी वाटहि उतरत नाहीं; दुसऱ्याचा पाताळांत जातो!

संस्कृत गणितांत ‘घात’ म्हणजे गुणाकार. भास्कराचार्यांनीं ११५० मधील आपल्या ‘लीलावती’ ग्रंथांत वर्ग सांगितला, तो दोन समान संख्यांचा घात म्हणूनच. घातांकानें गुणावयाचें नसतें. ज्या संख्येच्या माथ्यावर तो बसला आहे, ती किती वेळां मांडून गुणावी, एवढेंच तो सांगतो. शेजारच्या १६ वर त्याची सत्ता नाहीं.

म्हणून चार चोक सोळा. आणि १६ गुणिले १६ म्हणजे २५६ फूट. दगड अजून हवेंतच आहे. तळ गांठावयास त्याला आणखी सुमारें एक तृतीयांश सेकंद लागेल.