कोठून आणि कोठें?



मीं जन्मभर मुलांना व्याकरण शिकविलें. एखाद्यानें नुसतें 'पाठविलें' असें लिहिलें, कीं मी लागलीच विचारीत असें, "कोठून? कोठें?" सेवानिवृत्तीनंतर या प्रश्नांचें काम संपलें, असें मला वाटत होतें. तें संपलें नाहीं, हें गेल्या पावसाळ्यांत चाकणास कळलें.

माझा एक जुना विद्यार्थी तेथें लहानसा कारखाना चालवितो. मोटारींच्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तेथें लेथवर आणि मिलिंगवर तयार होतात. भागाचें माप बदललें, कीं गिऱ्हाईक ड्रॉइंगची नवी रिव्हिजन क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटनें कोठूनही उघडतां येईल अशा दूरच्या सांठ्यांत, ठेवतो. ती कारखान्यांतील संगणकावर आणण्याचें काम त्यानें एका एआय एजंटाकडे सोंपविलें.

एजंट म्हणजे भाषा समजणारा, पण स्वतःचे हात नसलेला कारभारी. हात त्यास आपण द्यावयाचे. त्यांस साधनें म्हणतात. अँथ्रॉपिक कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या पद्धतींत प्रत्येक साधनास एक नांव, एक वर्णन आणि त्यास कोणती माहिती पुरवावयाची याचा तक्ता असतो. साधनाच्या पोटांतील प्रोग्रॅम एजंट सहसा पाहत नाहीं. एवढें वाचूनच कोणतें साधन केव्हां वापरावयाचें, हें तो ठरवितो.

माझ्या विद्यार्थ्याच्या साधनाचें वर्णन दोनच शब्दांचें होतें: 'फाइली जुळवतें.' साधन मात्र दोन्ही दिशांनीं चाले, आणि ज्या फाइलीवरची वेळ ताजी, ती खरी मानी. एके दिवशीं कोणीं तरी जुनें ड्रॉइंग उघडून पुन्हां सेव्ह केलें. त्याची वेळ ताजी झाली. एजंटानें आणण्यासाठीं म्हणून साधन वापरलें, आणि तें जुनें ड्रॉइंग क्लाउडवर जाऊन नव्याच्या जागीं बसलें. रात्रपाळींत जुन्या मापाचे जॉब निघाले. गिऱ्हाइकानें सारे परत पाठविले. ज्या ऑपरेटरनें समोरच्या ड्रॉइंगबरहुकूम काम केलें, त्याच्याच पगारांतून नुकसान कापण्याची भाषा सुरू झाली.

विद्यार्थ्यानें तें वर्णन मला दाखविलें. मीं म्हटलें, "अरे, ऑपरेटरचा यांत काय दोष? या वाक्यांत पंचमी नाहीं आणि सप्तमीही नाहीं!" मग आम्हीं दोघांनीं बसून नवें वर्णन लिहिलें:

'क्लाउडवरील मंजूर फोल्डरांतून एका ड्रॉइंगची प्रत कारखान्यांतील संगणकावर आणतें. उलट दिशेनें कांहीं पाठवीत नाहीं. कोठेंही कांहीं पुसत नाहीं. फाइलीचा ओळखक्रमांक द्यावा. नुसतें नांव पुरत नाहीं. दोन्ही ठिकाणीं बदल झालेला आढळल्यास थांबतें व माणसास विचारण्यास सांगतें.'

ओळखक्रमांक कशाला? गूगल ड्राइव्हवर एकाच फोल्डरांत एकाच नांवाच्या दोन फाइली राहूं शकतात. पुसण्याविषयीं एवढी खबरदारी कां? जुळवणी म्हणजे जपणूक नव्हे. जुळविलेल्या फोल्डरांत एके ठिकाणीं पुसलेली फाइल दुसऱ्या ठिकाणींही नाहींशी होते. ड्राइव्हच्या कचरापेटींतून तर ती ३० दिवसांनंतर कायमची जाते. म्हणून साधन काय करतें याच्या जोडीस, तें काय करीत नाहीं, हेंही लिहावें. पाठविण्याचें काम आम्हीं निराळ्या साधनाकडे दिलें. एका साधनास एकच क्रियापद असावें.

तरीही वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. तें वाचूनही एजंट चुकूं शकतो. यासाठीं आणण्याच्या साधनास क्लाउडवर केवळ वाचण्याची परवानगी ठेविली. लिहिण्याची ठेविली नाहीं.

आपल्याही घरीं मुलांचे दाखले, विम्याचे कागद, छायाचित्रें क्लाउडवर जाऊं लागलीं आहेत. त्यांची व्यवस्था एखाद्या एजंटाकडे द्यावयाची असेल, तर त्याच्या साधनांचीं वर्णनें आधीं घरांतील दुसऱ्या माणसाकडून वाचवून घ्यावीं आणि त्यास विचारावें, "यावरून तूं काय करशील?" तो अडखळला, तर वाक्य बदलावें.

आम्हींही तसेंच केलें. ऑपरेटरचा पगार कापला गेला नाहीं. विद्यार्थ्यानें त्यास बोलावून नवें वर्णन वाचून दाखविलें. तो शांतपणें म्हणाला, "साहेब, ठीक आहे. पण ड्रॉइंग बदललें, हें मला कोण सांगणार?"

हा प्रश्न आम्हां दोघांनाही सुचला नव्हता. वर्णनांत शेवटचें वाक्य त्याच दिवशीं चढलें: 'आणलेल्या ड्रॉइंगची रिव्हिजन व तारीख मशीनवरील माणसास कळवितें.'