परकीय सरकारचें द्रव्य आणि आपले दरडग्रस्त
(महाड येथील सभेंत झालेलें भाषण)



ता. २२ जुलै २०२१ रोजीं तळीये येथें दरड कोसळून ८० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व सुतारवाडी येथेंही तसाच घात झाला. परदेशच्या सरकारांकडून साहाय्य कां आणूं नये, असें कित्येक व्यापारी बंधू विचारतात.

२००४ च्या त्सुनामीपासून तें सहसा न घेण्याचें भारत सरकारचें धोरण आहे. २०१८ सालीं केरळच्या महापुरांतही तें बदललें नाहीं. शिवाय कोल्हापुराजवळील वळिवड्याची हकीकत पाहावी. तेथें १९४३ पासून पोलंडचे सुमारें ५,००० निर्वासित राहत. खर्च लंडनमधील पोलिश सरकार सोशी. जुलै १९४५ मध्यें ब्रिटननें त्या सरकारची मान्यता काढली. निर्वासित होते तेथेंच राहिले, देणारा मात्र बदलला. त्या सरकारचे उपकार मी कमी लेखीत नाहीं.

पावसाळ्यांत उतारावरील वाड्या रिकाम्या कराव्या लागतात, आणि गुरें सोडून शेतकरी निघत नाहीं. म्हणून व्यापाऱ्यांनीं तांदूळ द्यावा, जमीनदारांनीं पेंढाही. निम्मा सांठा ज्येष्ठापूर्वीं पोलादपुरास पोंचवावा. त्या वर्षीं महाडची पेठच पाण्यांत होती. येथून गाडी निघालीच नसती.